नोव्हेंबरचं पत्रक, दुसऱ्यांदा टाइप करताना

पालकहो,
(दरवर्षी आधी 'प्रिय' लिहिते, मग खोडते.
गाव लहान आहे. सगळ्यांना ओळखते.)

तळं परवा रात्री काठाकाठानं गोठलं.
मधोमध अजून काळं पाणी आहे,
तेव्हा सहावी ते आठवीच्या मुलांना बजावून सांगा,
बर्फावरून शाळेत यायची जवळची वाट
अजून उघडलेली नाही.
चार नंबर बसचे डेल्बर्ट रोज पहाटे
लोखंडी कांबीनं ठोकून बघतात.
ते 'हो' म्हणतील तेव्हाच.

बस. थांब्यावर पाच मिनिटं आधी या.
पारा उणे तीसच्या खाली गेला की डिझेल घट्ट होतं,
डेल्बर्टही.
हॉर्न दोनदा वाजेल, तिसऱ्यांदा नाही.

मधली सुट्टी उणे वीसपर्यंत बाहेरच.
आठवीतल्या मुलग्यांनो, हाफ पँटीत बर्फात उभं राहून
कुणी मोठं होत नाही.
माझा भाऊ राहायचा उभा.
आज त्रेपन्न वर्षांचा आहे, आणि अजून तस्साच.

अभिनंदन: सातवीच्या होदान वारसामे हिचं.
पहिल्यांदा स्केट्स बांधले, अठ्ठावीस वेळा पडली
(आकडा तिचाच, वहीत लिहून ठेवलेला),
एकोणतिसाव्यांदा पलीकडच्या कठड्याला हात लावून आली
आणि परत येताना पडली,
ते तिनं मोजलेलं नाही.

हरवलं-सापडलंची पेटी ओसंडते आहे.
एकोणीस हातमोजे, त्यात जोडी एकच.
लोकरीची एक टोपी, आत नाव विणलेलं: तोइवो.
या नावाचं कुणी पटावर नाही,
कुणाच्या तरी आजोबांच्या डोक्यावरून आली असावी.
आणि एक बूट, डाव्या पायाचा.
तो मुलगा घरी कसा गेला असेल
हे कोडं मी आठवडाभर बाळगून आहे.

इथवर स्टेनविक सरांनी मान डोलावली.
मग लाल पेन उघडलं.
'ही बातमी नाही, आर्लीन. सूचनाही नाही.'
ओळ अशी होती:
*घरातला हीटर बंद असेल, टाकीतलं तेल संपलं असेल,
तर बॉयलरकडचं मागचं दार पावणेसहाला उघडं असतं.
कारण विचारलं जाणार नाही.*

सर नवीन आहेत, यंदाच दक्षिणेकडून आले.
त्यांनी रोवन बोल्यू पाहिलेला नाही,
सहा वाजता रेडिएटरला पाठ लावून
अपूर्णांक सोडवत बसलेला.
'लवकर जाग आली,' म्हणाला.
सलग एकेचाळीस दिवस त्याला लवकर जाग येत होती.
मी रोज म्हणायचे, 'बरं.'
कधी एखादं केळं जास्त आणलेलं असायचं.
मग खाण बंद पडली, आणि एका सोमवारी
हजेरी घेताना त्याच्या नावावर कुणी 'हजर' म्हटलं नाही.

तर मी ओळ खोडली. सरांसमोर खोडली.
आणि आता, सगळे गेल्यावर,
ती बारीक टायपात खाली घेते आहे,
गुरुवारचं बटाट्याचं हॉटडिश
आणि शुक्रवारचं टोमॅटो सूप यांच्यामध्ये.
ज्यांच्या घरी ऊब आहे ते पत्रक वरवर चाळून
फ्रिजवर चिकटवतात.
जेवणाचा तक्ता शेवटच्या अक्षरापर्यंत
कोण वाचतं, मला माहीत आहे.

दोनशे बारा प्रती. मशीन कुरकुरतंय.
पानं बाहेर येतात तेव्हा गरम असतात;
गठ्ठा उचलून नेताना
मी तो जरा जास्तच वेळ छातीशी धरते.

आपली,
आर्लीन कोस्किनेन, कार्यालय

ता. क. बूट सात नंबरचा आहे,
लेस लाल. माझ्या टेबलाखाली वाळत ठेवलाय.
न्यायला या. पाहिजे तेवढ्या लवकर या.